पाणकावळ्याच्या ताटात काय काय

घरी पाहुणे आले की त्यांचा चहा संपेपर्यंत माझे यजमान माझ्या नोकरीचा विषय निघू देत नसत. कप खाली ठेवले गेले की मात्र स्वतःच मिश्कीलपणे म्हणायचे, “हं, सांग आता.” मी सांगायची, “पाखरांची शीट गोळा करते.” मग एखाद्या मावशी पदर नाकाशी नेत, एखादे काका जगाचं कसं व्हायचं म्हणून मान हलवत, आणि विषय तिथेच संपे. तो संपला नसता तर मी काय सांगितलं असतं, ते या दिवाळीच्या निमित्ताने लिहून काढते आहे. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचलंत तर बरं.

शहाद्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते. आयुष्याचा मोठा भाग फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसण्यात, सूक्ष्मदर्शकाच्या काचा सांभाळण्यात आणि झुरळ कापताना चक्कर येणाऱ्या मुलामुलींना पाणी देण्यात गेला. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती तेव्हा आमचे विभागप्रमुख वळवी सर एक प्रकल्प घेऊन आले. वळवी सर नवापूरकडचे, डोंगरातल्या शेतकरी घरातले. माणूस अत्यंत सरळ आणि अत्यंत चिकट. एखादी गोष्ट त्यांनी मनावर घेतली की ती सोडवून घ्यायला देवालाच यावं लागेल. ते म्हणाले, “मंगलाताई, पाणपक्षी काय खातात ते शोधायचंय. त्यांना हातसुद्धा न लावता.”

पूर्वी यासाठी पक्षी मारून पोट फाडत. आता शिटेवर भागतं. जो जीव जे खातो, त्याचे बारीक अंश शिटेत उतरतात, आणि प्रत्येक अंशात त्या माशाची किंवा किड्याची डीएनएची खूण असते. शीट ताजी हवी. चमच्याने उचलायची, स्पिरिट असलेल्या छोट्या नळीत घालायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि बडोद्याच्या प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे त्या खुणा वाढवून वाचतात आणि माहितीतल्या माशांशी ताडून पाहतात. किती मासे खाल्ले ते यातून कळत नाही. कोणते खाल्ले ते कळतं, आणि किती शिटांमध्ये तो मासा सापडला ते मोजता येतं. एवढं समजलं की या धंद्यातलं निम्मं समजलं. उरलेलं निम्मं म्हणजे नाकाची सवय.

नंदुरबार जिल्ह्यात समुद्र नाही, पण समुद्रावरची पाखरं येतात. थंडीत तापीच्या घाटावर पांढरे कुरव उतरतात. सुरुवात आम्ही त्यांच्यापासून केली. आपल्याकडे पूजा आटोपली की लोक कुरवांना गाठिया टाकतात. पाखरं उडता उडता झेलतात, पोरं टाळ्या पिटतात. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवरून नमुने गोळा केले, मोठ्या आशेने बडोद्याला पाठवले. उत्तर आलं: मासे थोडे, हरभरा भरपूर. कुठल्या थंड मुलखातून हजारो कोस उडून येणारं पाखरू आमच्याकडे येऊन बेसन खातं, हा आमचा पहिला शोध.

नमुने न्यायचं काम माझं. नवापूरच्या पुढे गुजरातची हद्द लागते, आणि तिकडे दारूबंदी. एकदा नाक्यावर गाडी थांबवून पोलिसाने माझा थर्माकोलचा डबा उघडायला लावला. आत ओळीने नळ्या, नळ्यांत स्पिरिट. त्याचे डोळे चमकले. “बेन, आ शुं छे?” मी म्हटलं, “पक्षीनी चरक छे, भाई.” चरक म्हणजे शीट; मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. त्याने एका नळीचं झाकण फिरवलं आणि नाकाजवळ नेलं. पुढच्या खेपेपासून तो मला लांबूनच हात हलवून जाऊ द्यायचा.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट पाणकावळ्यांची आहे.

आमच्या भागात एक मध्यम धरण आहे. त्याच्या पाण्यात अर्ध्या बुडालेल्या जुन्या बाभळी उभ्या आहेत, आणि त्या बाभळींवर पाणकावळ्यांची वसाहत आहे. पावसाळ्यात तिथे घरटी होतात, फांद्या चुन्याने रंगवल्यासारख्या पांढऱ्या होतात. धरणात मासेमारीचा हक्क गावातल्या मच्छिमारांच्या सोसायटीचा. सोसायटी दर पावसाळ्यात रोहू-कटल्याचं बीज आणून पाण्यात सोडते. बीज म्हणजे माशांची इवलीशी पिल्लं. ती वाढली तर वर्षभर घरं चालतात, नाही वाढली तर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. अलीकडे ती वाढत नव्हती, आणि सगळ्यांचा संशय पाणकावळ्यांवर होता.

सोसायटीचे चेअरमन दगाआप्पा. उंच, वाळके, पांढऱ्या टोपीतले, बोलायला मोठे गोड आणि ऐकायला मोठे अवघड. आम्ही पहिल्यांदा धरणावर गेलो तेव्हा त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं आणि मग म्हणाले, “ताई, आम्ही बीज सोडतस आनि हाई पाखरू खाई जास. आते आम्ही एक बाभूळ ठेवाव नही.”

बाभळी कोणाच्या, परवानगी कोणाची, हे प्रश्न तिथे कोणाला पडत नव्हते. कुऱ्हाडी पाजवून ठेवलेल्या होत्या. वळवी सरांनी हात जोडून एवढंच मागितलं, की पाखरं खरंच काय खातात ते आम्हाला आधी पाहू द्या. आप्पांनी दाढी खाजवली आणि थोडी मुदत दिली.

आता शीट गोळा करायची तर झाडाखाली काहीतरी अंथरावं लागतं, नाहीतर ती पाण्यात आणि चिखलात जाते. प्लास्टिक वाऱ्याने उडायचं, चादर धुवायला कोणी घेईना. शहाद्याकडच्या माणसाला अशा वेळी जे सुचतं ते मला सुचलं. आमच्याकडे केळीच्या बागाच बागा. सत्यनारायणापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळं केळीच्या पानावर होतं. पान रुंद, स्वच्छ, फुकट. आम्ही गाडीभर पानं नेली, काठाजवळच्या बाभळींखाली तराफ्यांवर आणि दगडांवर अंथरली, आणि सकाळी त्यावरून सुरेख नमुने उचलले. वळवी सरांनीसुद्धा माझं कौतुक केलं, जे ते सहसा कोणाचं करत नसत.

कुरवांसाठी वनस्पतींची तपासणी लावलेलीच होती, म्हणून बडोद्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी पाणकावळ्यांचे नमुनेही त्याच खेपेत घातले. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मॅडम तिथल्या जुन्या मराठी कुटुंबातल्या, फार अदबीने बोलणाऱ्या. “मंगलाताई, एक विचारू का? तुमच्याकडचे पाणकावळे केळी खातात का हो?”

मी कपाळावर हात मारला. त्यांनी नमुने बाद धरले नाहीत, माशांचा भाग उपयोगी होता. पण घोळ असा झाला, की तो पहिला अहवाल आम्ही नीट वाचायच्या आत कॉलेजातून फिरत सोसायटीतल्या कोणाच्या तरी मोबाईलवर पोचला होता. आम्ही बैठकीला पोचलो तेव्हा सगळी माणसं आमच्याकडे बघून हसत होती. भाईदास नावाचा एक तापट गडी, ज्याचं जाळं गावात सर्वांत मोठं आणि तोंड त्याहून मोठं, उभा राहिला. “पाणकावळा केयी खास! मंग ऊस बी खात व्हई! कारखानाले सांगा, शेअर द्या त्याले!”

लोक पोट धरून हसले. मीही हसले असते, पण मला त्या हसण्याच्या पलीकडच्या कुऱ्हाडी दिसत होत्या. केळीच्या पानाचं मी खरं कारण सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही. आप्पा हसत नव्हते. हसणाऱ्या माणसाला समजावता येतं, आप्पांसारख्या गप्प माणसाला नाही. ते म्हणाले, “ताई, तुम्हनं यंत्र खोटं बोलस. तेना भरवसावर आम्ही बसूत का?”

तेव्हा आप्पांनीच एक तोड काढली, आणि ती त्यांच्या स्वभावाला शोभणारी होती. त्यांच्या घरी एक पाणकावळा होता. जाळ्यात अडकून त्याचा पंख दुखावला होता, आणि आप्पांच्या बायकोने, सुमनबाईंनी, त्याला गोठ्यात टोपल्याखाली ठेवून जगवलं होतं. ज्या पाखरांची झाडं आप्पा तोडायला निघाले होते, त्यांतलंच एक त्यांच्या घरी पाहुणचार घेत होतं, पण हे बोलून दाखवायची हिंमत गावात कोणाची नव्हती. आप्पा म्हणाले, “त्याले आम्ही काय खावाडस ते आमले माहीत. तुम्हले सांगाव नही. शीट लई जा. यंत्र बराबर बोलनं तं मी मानसू. नही बोलनं तं बाभळी गयात.”

हा सौदा मी मान्य केला, वळवी सरांना न विचारता. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, “ताई, शास्त्रात याला ‘अंध चाचणी’ असं फार चांगलं नाव आहे.” मी म्हटलं, “सर, आमच्यात याला फजिती म्हणतात.”

श्रावण चालू होता. सोसायटीने नवं बीज सोडलं होतं, आणि आम्ही बाभळींखालून पुन्हा नमुने घ्यायला लागलो होतो. या वेळी उकळून घेतलेली जाड ताडपत्री होती, केळीचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं. त्याबरोबरच आप्पांच्या गोठ्यातून पाहुण्याची शीट घेतली. मी उचलत असताना आप्पा शेजारी उभे राहून टक लावून पाहायचे. सुमनबाई चहा आणायच्या आणि सांगायच्या, “ताई, श्रावणमा मन्हा घर मासाना वास बी येत नही. पाखरूले बी गोठामाच खावाडतस, चूलपासून लांब.” त्यांच्या घरचा नेमच तसा होता. श्रावणात मासे पकडणं चालेल, विकणं चालेल, खाणं नाही.

बडोद्याहून पुन्हा फोन आला, आणि मॅडमचा आवाज पुन्हा तसाच अदबीचा. “मंगलाताई, गोठ्यातल्या नमुन्यांत चिलापी आहे, झिंगे आहेत, ते ठीक. पण एकात बोंबील येतोय. बोंबील तर समुद्रातला. ती नळी बाद करायची का?”

मी वळवी सरांकडे गेले. ते म्हणाले, “आलंय ते वाचायचं. गैरसोयीची नळी फेकायला लागलो तर मग सोयीच्या नळीला काय अर्थ?” त्यांना बोलायला काय जातं! वाचायचं मला होतं, तेही आप्पांच्या ओट्यावर, सगळ्या गावासमोर. गाठिया झाला, केळी झाली, आता शंभर कोसांवरच्या समुद्रातला बोंबील. बसमध्ये मी देवाचं नाव घेतलं, आणि मग वाटलं, देवाला तरी हे कोणत्या तोंडाने सांगायचं.

ओट्यावर गर्दी होती. भाईदास अगदी पुढे, मांडी घालून, तमाशाला बसल्यासारखा. सुमनबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. मी म्हटलं, “चिलापी.” आप्पांनी मान डोलावली. “झिंगे.” आप्पांनी मान डोलावली, आणि बायाबायांत कुजबुज झाली. मी पान उलटलं. “एका दिवशी बोंबील.”

कोणी हसलं नाही. मी भाईदासकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत नव्हता. सगळं गाव आप्पांकडे पाहत होतं, आणि आप्पा आढ्याकडे पाहत होते. टोपीखालून घाम उतरला होता.

सुमनबाई चौकट सोडून पुढे आल्या. “बोंबील? श्रावणमा? मन्हा घरमा?”

“घरमा नही व,” आप्पा म्हणाले, “धरणवर.”

मग जो हशा झाला तसा त्या गावात पोळ्यालाही झाला नसेल. आप्पा खापर गावाला सोयऱ्यांकडे गेले होते. तिथल्या बाजारात सुके बोंबील दिसले, आणि नेम एवढासा ढळला. धरणावरच्या झोपडीत भाजून खाल्ले, आणि उरलेली डोकी पुरावा नको म्हणून गुपचूप गोठ्यातल्या पाखराला घातली. भाईदास जमिनीवर लोळत ओरडत होता, “आप्पा, यंत्रनी धरं तुम्हले! यंत्रनी धरं!” सुमनबाई आत निघून गेल्या आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. जाताना एका म्हातारीने मला बाजूला घेतलं आणि आपल्या नवऱ्याचीही तपासणी होईल का विचारलं. मी सांगितलं की आम्ही फक्त पाखरांची करतो. ती निराश झाली.

त्या दिवसापासून गावात आमच्या यंत्राचा शब्द म्हणजे शब्द झाला. माझी खरी अडचण तिथून सुरू झाली.

कारण बाभळींखालच्या नमुन्यांचा निकाल आता हातात होता. बीज सोडण्याआधी गोळा केलेल्या शिटेत चिलापीच चिलापी होती. चिलापी हा बाहेरून आलेला मासा, पैदाशीला अफाट, रोहू-कटल्याच्या अन्नावर डल्ला मारणारा. पाखरं सोसायटीच्या वैऱ्यालाच खात होती. इथवर सगळं गोड होतं. पण बीज सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक शिटेत रोहू-कटल्याची पिल्लं होती. नव्याने सोडलेलं बीज बावरलेलं असतं, काठाशी थव्याने घोटाळतं, आणि पाणकावळ्यांची तर पंगतच बसते. बोटाएवढी वाढली की ती त्यांच्या हाती लागेनाशी होतात, पण तोवर नुकसान झालेलं असतं.

म्हणजे आप्पांचा संशय अगदीच खोटा नव्हता. मला ती पाखरं आवडायला लागली होती. सकाळी पंख पसरून वाळवत बसलेली, कपडे दोरीवर टाकल्यासारखी. त्यांच्या घरट्यांत पिल्लं होती. बैठकीत नुसतं चिलापीचं वाचलं असतं तर कोणाला कळलं नसतं, आणि आता तर मी काहीही सांगितलं तरी गाव मानणार होतं. वळवी सर एवढंच म्हणाले, “वाचणाऱ्या तुम्ही आहात, ताई. तुम्ही ठरवा.” असा माणूस शत्रूलाही साहेब म्हणून मिळू नये. रात्रीच्या जेवणात मला मीठ लागलं नाही.

बैठकीत मी आधी चिलापीचं वाचलं. लोकांना पटलं. माना हलल्या, कोणी म्हणालं, तर मग राहू द्या बाभळी. मी तिथे थांबू शकत होते. पण मी पुढचं पानही वाचलं, बीजाचं, सगळं.

भाईदास ताडकन उठला. “दखा! मी पयलेच सांगं व्हतं!” मागून कोणीतरी कुऱ्हाडींचं नाव काढलं. मला वाटलं, गेली झाडं, आणि ती मीच घालवली.

आप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माझ्याकडे पाहत म्हणाले, “ताई, हाई तुम्ही काबर सांगं? नही सांगतात तं आमले काय समजतं?”

मी शहरी मराठीत काहीतरी बोलायला गेले, पण तोंडातून घरचीच बोली आली. “आप्पा, तुम्हना बोंबील मी तुम्हनी बायकोसामने सांगा. मंग पाखरनं बीज कशी लपाडू?”

पहिल्यांदा हसल्या त्या सुमनबाई. मग सगळेच. आप्पाही हसले, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि मग गंभीर होऊन म्हणाले, “जी बाई पाखरनी चोरी बी सांगस, तिनी चिलापीनी गोठ बी खरी मानाले जोयजे.” त्यानंतर वळवी सरांनी उपाय सांगितला: बीज थेट पाण्यात न सोडता काठाशी खांब रोवून, चारी बाजूंनी आणि वरून जाळं लावून त्यात ठेवायचं, बोटाएवढं झालं की मोकळं करायचं. जाळं विणायला त्या गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाभळी ठेवायचं ठरलं. बीज ठेवायच्या जागेलगतच्या थोड्या मात्र तोडल्या. त्यांत दोन जुनी घरटी होती, रिकामी. वाईट वाटलं ते वाटलंच, अजून वाटतं.

पुढच्या पावसाळ्यात मी निवृत्तीच्या आधीची शेवटची फेरी म्हणून धरणावर गेले. जाळ्याचा मांडव उभा होता, आत बीज वळवळत होतं. मांडवाच्या प्रत्येक खांबावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसला होता, खाली जाळ्यातून दिसणाऱ्या जेवणाकडे मान वाकडी करून बघत. इतका निर्लज्जपणा मी आजवर पाहिला नव्हता. भाईदासने पायाजवळचं ढेकूळ उचललं आणि नेम धरला.

आप्पांनी बसल्या जागेवरून हाक दिली. “ए भाईदास, ऱ्हाऊ दे. त्यानी जेवढं खादं तेवढं मोजाई गयं ना? मंग वरतून आते त्याना नावावर काही लावू नको.”

भाईदासने हात खाली घेतला. मग त्याने ढेकूळ शेजारी पाण्यात सोडून दिलं. खांबावरचं पाखरू जागचं हललंसुद्धा नाही.